फियाटची रांग ते आरसीवरचं नाव: जुन्या गाडीची किंमत ठरवतं कोण?

मागच्या महिन्यात माझ्या मामाने गाडी विकायला काढली. मामा राहतो रसायनीत, मोहोपाड्याला. गाडी नऊ वर्षांची, पांढरी, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. मामाने दोन दिवस खपून ती धुतली, पॉलिश मारलं, डॅशबोर्डवर कसलातरी चकचकीत स्प्रे मारला आणि सीटला नवी कव्हरं घातली. गिऱ्हाईक आलं पनवेलहून, पंचविशीतला एक पोरगा. त्याने पॉलिशकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघितला. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा चाचपला. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. मग म्हणाला, "काका, सर्व्हिसची बिलं आहेत का?"

मामा जरा दुखावलाच. "अरे, गाडी पोरासारखी जपलीय!"

"जपली असेल हो काका, पण मला कसं कळणार?"

मला दोघांचंही पटलं. मामाच्या डोक्यात जो हिशोब होता तो चुकीचा नव्हता, फक्त जुना होता. तो हिशोब आला कुठून, हे आजच्या भागात बघू. आणि हो, तुम्ही घरची गाडी विकायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी कोर्टाची एक गोष्ट आहे आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे.

तर सुरुवात कुर्ल्यापासून. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लायमथ जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि कुर्ल्यातून फियाट बाहेर पडायला लागली. पुढे ७०च्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चार गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तुम्ही सिनेमात जी बघता, ती हीच.

त्या काळात देशात गाड्या बनवणारे मोजून तीन: मुंबईत प्रीमियर, बंगालमध्ये हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार. १९५९ पासून गाड्यांच्या विक्रीवर केंद्राचा नियंत्रण आदेश होता. नवी गाडी मिळाली तरी ठरावीक काळ ती परवानगीशिवाय विकता येत नसे. विचार करा, रीसेलवर सरकारची बंदी! ती घालावी लागली, कारण रांगेत नंबर लावून गाडी उचलायची आणि दुसऱ्याच दिवशी जास्त पैशांना विकायची, हा चांगला धंदा होता. १९६९ मध्ये तर सरकारने गाडीची किंमतच बांधून दिली. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि गाडीला किती रुपये घ्यायचे हा वाद सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये निकालात काढला.

आता या सगळ्यात जुन्या गाडीचं काय झालं बघा. नवी गाडी हवी तर कित्येक वर्षं थांबा. जुनी मात्र आज मिळते. त्यामुळे नीट ठेवलेली जुनी फियाट नव्याच्या सरकारी भावाला भिडायची, कधी त्याच्याही वर जायची. स्कूटरचंही तेच. आमच्या रसायनीत हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सची कॉलनी वसली तो हा काळ. कंपनी १९६० सालची, उत्पादन सुरू झालं ७०च्या आसपास. कॉलनीत तेव्हा कारपेक्षा स्कूटरच जास्त. बजाज चेतक आली १९७२ मध्ये, आकुर्डीहून, आणि तिचीही रांग वर्षानुवर्षांची. पगारदार घरात गाडी म्हणजे वापरायची वस्तू आणि सोन्यासारखी ठेव, दोन्ही एकदम.

मग ठेव जशी जपतात तशीच ती जपायची. ताडपत्री घालायची, रविवारी धुवायची, पावसात शक्यतो बाहेर काढायची नाही, दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची नाही. बिलं कोण ठेवणार? घेणारा ओळखीचाच असायचा, मिस्त्रीही दोघांच्या ओळखीचा. "अमक्याची गाडी आहे" एवढ्यावर सौदा व्हायचा. माझा मामा हे बघत मोठा झाला.

दुसरी एक गोष्ट पद्मिनीच्या बाजूने होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ६०च्या दशकातलं डिझाइन कंपनीने शेवटपर्यंत, म्हणजे नवं शतक उजाडेपर्यंत, फारसं बदललंच नाही. आज आपण याला हसतो. पण रीसेलसाठी यासारखं वरदान नाही! दहा वर्षांची गाडी आणि नवीन गाडी लांबून सारखीच दिसते. एकीचा पार्ट दुसरीला बसतो. मुंबईत हजारो टॅक्स्या त्याच, म्हणून पार्ट नाक्यानाक्यावर. बोरघाट चढताना गाडी तापली आणि काही तुटलं, तरी खोपोलीतला मिस्त्री ती डोळे मिटून जोडणार.

मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली ऑक्टोबर २००३ मध्ये. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. चालू स्थितीत होती की नाही, हा प्रश्नच आला नाही. वय झालं, विषय संपला.

बरं, रांग कधी मोडली? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. किंमत पन्नास हजारांच्या आत. सुरुवातीला तिलाही रांग होती, तिलाही प्रीमियम होता. पण १९९३ मध्ये कार उत्पादनावरचा परवाना गेला आणि हळूहळू शोरूममध्ये जाऊन गाडी त्याच आठवड्यात घरी आणता यायला लागली. ज्या दिवशी हे झालं, त्या दिवसापासून नवी गाडी शोरूमबाहेर पडली की स्वस्त होते. टंचाईचा आधार गेला.

मग जुन्या गाडीला किंमत उरली कशाची? आधी, पार्ट मिळण्याची. याचा धडा आपल्या शेजारीच मिळाला. याच प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली, १९९४ मध्ये. गाडी चालवायला छान, असं चालवलेले लोक आजही सांगतात. पण तीन-चार वर्षांत सगळं बंद पडलं. गाड्या होत्या, पार्ट नव्हते. अशी गाडी तुम्ही देव्हाऱ्यात ठेवली तरी घेणार कोण? मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात शेवरोलेची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. तळेगावचा कारखाना तेव्हा त्यांचाच होता. पार्ट आणि सर्व्हिस देत राहू असं कंपनीने सांगितलं, तरी बाजारात त्या गाड्यांचे भाव पडलेच. आणि योगायोग बघा, त्याच महिन्यात केंद्राने आमच्या रसायनीतल्या एचओसीचे बहुतेक प्लांट बंद करायला मंजुरी दिली. माझ्यासाठी मे २०१७ म्हटलं की या दोन्ही बातम्या एकत्रच आठवतात.

दुसरा धडा पावसाने दिला. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. मुंबई आणि रायगडात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या वाळवून, धुऊन, पॉलिश मारून बाजारात येतात हे लोकांना तेव्हा नीट कळलं. आणि तिथून गिऱ्हाईक शहाणं झालं. पनवेलच्या त्या पोराने सीटबेल्ट का ओढला? बेल्टचा जो भाग कायम गुंडाळलेला राहतो, तिथे गढूळ पाण्याची रेघ राहते. ती पुसायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि गंज राहतो. दाराच्या रबराखाली कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके असतात, ते गायब असले तर गाडी ठोकून नीट केलेली आहे. चमक कुणालाही आणता येते, म्हणूनच त्याने चमक बघितली नाही.

मामाच्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. गंज मात्र निघाला, मागच्या चाकाच्या कमानीत. आपल्याकडे पाऊस चार महिने, आणि रस्त्याचा चिखल त्या कमानीत जाऊन बसतो. वरून गाडी धुतली तरी तो तिथेच ओला राहतो. दर पावसाळ्यानंतर प्रेशरने खालून धुणं आणि दाराच्या तळाशी पाणी जाण्याची जी छोटी भोकं असतात ती मोकळी ठेवणं, एवढ्याने हे टळलं असतं. पॉलिशपेक्षा स्वस्तात. आणखी एक चूक: गाडी कमी चालते म्हणून मामाने ऑइल दोन वर्षं बदललं नव्हतं. ऑइल किलोमीटरने खराब होतं तसं नुसत्या दिवसांनीही होतं. मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतात, जो आधी येईल तो धरायचा.

आता कोर्टाची गोष्ट. एक गाडी विकली गेली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं. पुढे अपघात झाला, नुकसानभरपाईचा दावा लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी त्याच्या हातातून कधीच गेली होती, तरीसुद्धा. १९७१ मध्ये कोर्टासमोर प्रश्न होता नव्या गाडीची किंमत किती. २०१८ मध्ये प्रश्न होता विकलेली गाडी कुणाची.

म्हणून फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, चालू विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या. पेणचा एमएच-०६ असो की पनवेलचा एमएच-४६, कागद तेच. नंतर आठवणीने फोनवर बघायचं, आरसीवरचं नाव बदललं की नाही.

मामाची बिलं शेवटी सापडली, सगळी नाही, सहा. तीन सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डमधून त्याच पोराने काढून दाखवली, गाडीचा नंबर सांगून. मामा बघतच राहिला. गंजाचे आठ हजार कमी झाले आणि सौदा ठरला. मामाने अ‍ॅडव्हान्स घेतला, पण किल्ली दिली नाही. म्हणाला, आधी दोघं मिळून आरटीओत जाऊ.