जैवसुरक्षेची बदललेली सीमा

फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे पॉल बर्ग प्रभृती शास्त्रज्ञांनी पुनःसंयोजित डी. एन. ए.च्या प्रयोगांसाठी निर्बंध सुचविले. धोकादायक जीव प्रयोगशाळेबाहेर पडू नये, हे त्यांचे सूत्र होते. संकट आतून बाहेर जाईल, असे त्यात गृहीत होते.

२०१७ साली ह्या गृहीताची अपूर्णता उघड झाली. २७ जून रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या संगणकप्रणालीतून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ ह्या घातक आज्ञावलीने ‘मर्क’ ह्या अमेरिकी कंपनीचे औषधोत्पादन विस्कळीत केले. मानवी पॅपिलोमा विषाणूवरील लशीच्या मात्रा कंपनीस सरकारी साठ्यातून उसन्या घ्याव्या लागल्या. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी आपला एक प्रयोग मांडला. कृत्रिम डी. एन. ए.मध्ये घातक आज्ञा गुंफून, त्याच्या क्रमाचे विश्लेषण करणाऱ्या संगणकाचा त्यांनी ताबा मिळविला. विश्लेषणाच्या आज्ञावलीत त्यांनी मुद्दाम दोष ठेवला होता, हे खरे. तथापि मार्ग शक्य आहे, एवढे सिद्ध झाले.

पहिल्या घटनेत जीवशास्त्र हे लक्ष्यही नव्हते. दुसरीत जैविक नमुनाच शस्त्र झाला. म्हणूनच संगणकांची राखण हे आता जैवसुरक्षेचेच अंग मानणे प्राप्त आहे.