अक्षय ऊर्जा आणि जनस्वीकृती : मुळशीचा धडा

रायपूरच्या वर्गात अक्षय ऊर्जेचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो : धूर न सोडणाऱ्या विजेला लोक विरोध का करतात? उत्तरासाठी आपण शंभर वर्षे मागे जाऊ.

मुंबईच्या कापड गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्यापासून वीज द्यायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. नंतर पुण्याच्या पश्चिमेला, मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधायचे ठरले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली कोकणात भिरा येथे सोडायचे आणि उंचीच्या फरकावर टर्बाइन फिरवायचे. तंत्रात खोट नव्हती. पण सुमारे ५० गावे आणि त्यांची भातखाचरे बुडणार होती, आणि तिथल्या मावळ्यांना कोणी विचारले नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारनेच कंपनीसाठी जमीन घेतली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पां. म. बापट त्यात पुढे होते. 'सेनापती' ही बापटांची ओळख याच लढ्यातली. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९२४ पर्यंत लढा चालला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांचा कल वाढीव मोबदल्याकडे होता. जमीन कसणाऱ्या कुळाचे मात्र सगळेच जाणार होते. शेवटी धरण झाले. १९२७ मध्ये भिरा वीजगृह सुरू झाले आणि वीज मुंबईला गेली.

आता उलट उदाहरण पाहा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ २००० साली मिडलग्रुंडेन हा ४० मेगावॅटचा पवनप्रकल्प उभा राहिला. त्याच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे ८ हजारांहून अधिक सभासद. आराखड्यावर आधी चर्चा झाली, हरकती ऐकून पवनचक्क्यांची संख्या आणि मांडणी बदलली, मग बांधकाम झाले.

म्हणजे जनस्वीकृती तंत्रावर ठरत नाही. निर्णयाआधी कोणाला विचारले, नुकसान कोणाचे आणि लाभ कोणाला, यावर ती ठरते.

आपल्या छत्तीसगडमध्ये इंद्रावतीवरील बोधघाट प्रकल्पाची पायाभरणी १९७९ मध्ये झाली. जंगल आणि आदिवासींचे विस्थापन या प्रश्नांवर तो अडून राहिला. उद्या तुम्ही एखाद्या प्रकल्पाचा अहवाल लिहाल. त्यात मेगावॅटच्या आकड्याआधी एक रकाना ठेवा : गावाला कधी विचारले?