उस्मानिया विद्यापीठातील कलनाचे उर्दू अध्यापन

विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी कलनाच्या वर्गात लागते. सीमा, विकलन, संकलन या संकल्पना नव्या असतात आणि अनेकांसाठी त्या सांगणारी इंग्रजी भाषाही परकी असते. विषय कठीण की भाषा कठीण, हा प्रश्न आजचा नाही. हैदराबाद संस्थानात सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याला एक धाडसी उत्तर देण्यात आले होते.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी 1917 मध्ये उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाला मान्यता दिली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि 1919 मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. इंग्रजी हा अनिवार्य विषय होता. मात्र गणित, भौतिकशास्त्र आणि इतर विषयांचे माध्यम उर्दू होते. 1929 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. भारतीय भाषेतून विज्ञानाचे पदवी शिक्षण देणारा एवढा व्यापक प्रयोग त्या काळात दुर्मिळच होता.

पाठ्यपुस्तकांशिवाय हे शक्य नव्हते. म्हणून विद्यापीठाच्या आधीच, 1917 मध्ये, दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते. परिभाषा ठरविताना विषयतज्ज्ञ आणि भाषापंडित एकत्र बसत. शब्द कोणत्या तत्त्वावर घडवावेत याविषयी मतभेदही होते. वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 मध्ये ‘वज़ए इस्तिलाहात’ हा ग्रंथ याच विषयावर लिहिला.

कलनासाठी ‘इहसा’ म्हणजे गणना हा शब्द रूढ झाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही मोजण्याचा खडा असाच आहे. विकलज झाला ‘मुश्तक’. उर्दू व्याकरणात एका शब्दापासून साधलेल्या शब्दाला मुश्तक म्हणतात. एका फलनापासून दुसरे साधले जाते, हे विद्यार्थ्याला त्या नावातूनच कळे. सीमेला ‘हद’ म्हटले गेले. मराठी माणूस गावाची ‘हद्द’ सांगतो, तोच हा शब्द. परिभाषा चांगली असली तर निम्मे अध्यापन तीच करते, याचे हे उदाहरण होय.

या प्रयोगाचे फळही दिसले. उस्मानियाचे पदवीधर रझीउद्दीन सिद्दीकी यांनी पुढे केंब्रिज व लाइपझिग येथे उच्च शिक्षण घेतले आणि परत येऊन उस्मानियातच गणित शिकविले. उर्दूतून शिकल्याने त्यांची वाट अडली नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. औरंगाबादला 1923 मध्ये उस्मानियाशी संलग्न इंटरमिजिएट कॉलेज निघाले. मराठवाड्यातील मराठी घरांतील विद्यार्थ्यांसाठी ही उच्च शिक्षणाची मोठी सोय होती, पण त्यांच्यासाठी उर्दू ही मातृभाषा नव्हती. मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व राज्याने मान्य केले, परंतु त्याचा लाभ एका भाषेपुरताच राहिला. 1948 नंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि तीन दशकांत तयार झालेली पुस्तके व परिभाषा वर्गाबाहेर गेली.

1998 मध्ये हैदराबादेत मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले. 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली. अशा वेळी उस्मानियाचा अनुभव दोन गोष्टी शिकवितो. पुस्तके आणि परिभाषा आधी तयार हव्यात, वर्ग नंतर. आणि एका भाषेला न्याय देताना शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याची भाषा विसरता कामा नये. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही शिक्षकाने ‘लिमिट’ हा शब्द उच्चारताना त्याच्या जोडीला ‘हद्द’ म्हटले, तर उर्दू आणि मराठी शाळांतून आलेल्या दोन्ही मुलांना तो एकाच वेळी समजू शकेल.