चार भांडी आणि एक कॅन

संध्याकाळी नगर रोडला वाळूजच्या फाट्यावर उतरलात आणि वारा औद्योगिक वसाहतीकडून वाहत असला, तर एक वास येतो. शिजणाऱ्या धान्याचा, थोडा गोडसर, थोडा करपट. माझी आई पहिल्यांदा वाळूजला राहायला आली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, ‘‘किसके घर हरीरा पक रहा?’’ हरीरा म्हणजे आमच्याकडे बाळंतिणीला देतात ती गोड पेज. मी गप्प बसलो. पाच वेळच्या नमाजी बाईला कसं सांगणार, की अम्मा, हा बिअरच्या कारखान्यात सातू शिजत असल्याचा वास आहे!

पण अम्माचं नाक फारसं चुकलं नव्हतं. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात ते आठवा. नाचणी भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवायची, मंद भाजायची आणि दळायची. सातूवर हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात जे पाचक रस तयार होतात, ते साधारण ६५ अंश गरम पाण्यात पिठाची साखर करून टाकतात. बाळाचं सत्त्व इथे थांबतं. बिअर पुढे जाते. ते गोड पाणी गाळायचं, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, झटपट गार करायचं आणि यीस्ट घालून काही दिवस झाकून ठेवायचं. पहिला निम्मा भाग आपल्या आयाबहिणींना पाठ आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

मी बिअर चाखलेली नाही, आणि आता या वयात चाखणारही नाही. मग हा विषय माझ्याकडे आला कसा? तो एका भांड्याच्या रूपाने आला.

वाळूजच्या वसाहतीत माझ्या धाकट्या चुलतभावाची फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. त्याची कोटेशनं आणि बिलं मी लिहून देतो, माझ्या बी.ए.चा घरच्यांना झालेला तेवढाच उपयोग. काही वर्षांपूर्वी तिथे एक तरुण पोरगा आला. दुधाचा असतो तसा तीस लिटरचा स्टीलचा कॅन हवा होता. तळाशी बॉल व्हॉल्व्ह, आत उचलून काढता येईल अशी बारीक भोकांची चकती, आणि अंगाला थर्मामीटरसाठी एक भोक. ‘‘आतून आर्गन वेल्डिंग करा चाचा, आणि बफिंग असं, की बोट फिरवलं तर जोड लागू नये.’’ भावाला वाटलं, काढा गाळायला असेल. त्याने मन लावून काम केलं. जोडाच्या फटीत अन्नाचा कण अडकला की जंतू वाढतात, हे त्याला डेअरीच्या कामामुळे ठाऊक होतं.

शेवटी थर्मामीटरवरून प्रश्न निघाला आणि पोराने खरं ते सांगून टाकलं. घरी बिअर करायची होती. बाकीची जुळवाजुळव त्याने आधीच केली होती. उकळलेला रस गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, ज्यातून नळाचं थंड पाणी फिरवायचं. आंबवायला पाण्याचा वीस लिटरचा जार. जारच्या बुचातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यावर उतारा म्हणून जारला ओलं गोणपाट! रांजण गार ठेवायची आपली जुनीच युक्ती. मला तर पोराचं कौतुकच वाटलं.

भावाने कॅन द्यायला नकार दिला. पोरगा रागावला नाही, पण जाता जाता त्याने विचारलं, ‘‘चाचा, कारखान्याच्या बिअरच्या पाइपांना आर्गन तुम्हीच मारता ना?’’

हा प्रश्न भावाच्या जिव्हारी लागला. त्या कामावर त्याची दोन पोरं पोसली जातात. ‘‘भाईजान, पाइपात काय जातं ते वर्क ऑर्डरवर लिहिलेलं नसतं,’’ तो मला म्हणाला. उत्तर लंगडं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं. मग म्हणाला, ‘‘तुम्ही शायर आहात, किताबं वाचता. तुम्हीच सांगा.’’

मी किताबं उघडली. एका हदीसमध्ये दारूशी संबंधित दहा जणांवर लानत सांगितली आहे. द्राक्षं पिळणारा, पिळवून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, अशी ती यादी. मी ती पुन्हा पुन्हा मोजली. त्यात भांडं घडवणारा नाही.

पण भांड्याची गोष्ट दुसरीकडे सापडली. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याकडून अब्दुल कैस कबिल्याची माणसं पैगंबरांना भेटायला आली होती. त्या काळी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून गोड पेय करत, त्याला नबीज म्हणत. ते ताजं प्यायला हरकत नव्हती. दिवस उलटले की चढायचं. पैगंबरांनी त्या मंडळींना चार भांड्यांत नबीज करू नका असं सांगितलं. वाळवलेला भोपळा, हिरवा झिलईदार घडा, डांबर फासलेलं भांडं आणि खजुरीचं कोरलेलं खोड. कातडी पिशवी मात्र चालेल. कारण भाष्यकारांनी दिलं आहे. जाड भांड्यात पेय कधी आंबलं ते कळत नाही, पिशवी मात्र फुगते, फुटते आणि चुगली करते. म्हणजे पोराच्या बाटलीतले बुडबुडे जे सांगतात, तेच ती पिशवी सांगत होती! पुढे या भांड्यांवरची बंदी उठवली गेली. कुठल्याही भांड्यातून प्या, फक्त नशा आणणारं पिऊ नका, असा नियम राहिला. दोष भांड्यावरून पेयावर गेला.

आपल्याकडे कौटिल्याने भांड्यापेक्षा परवान्याचा विचार जास्त केलेला दिसतो. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९मध्ये छापलेल्या ‘अर्थशास्त्रा’त सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि चक्क कृतीही आहेत. मेदक या तांदळाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एक द्रोण म्हणजे सोळा प्रस्थ आणि अर्धा आढक म्हणजे दोन. तेव्हा तांदळापेक्षा विरजणच जास्त! हे किण्व जमवायचं काम बायका आणि मुलांकडे होतं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की घरच्या कार्याला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची कुटुंबांना मोकळीक होती. उत्सव-जत्रांना चार दिवसांची सवलत होती. एवढ्या कडक राज्यातही कुटुंबाच्या मडक्याला जागा होती.

अरिष्ट तर अजून आहे. काढा, गूळ आणि धायटीची फुलं मडक्यात घालायची, तोंड कापडमातीने बंद करायचं आणि मडकं धान्याच्या राशीत पुरून महिनाभर विसरायचं. धान्य ऊब धरून ठेवतं, म्हणजे थर्मामीटर नको. त्यातही मद्यार्क आपोआप तयार होतो. त्याची बाटली औषधाच्या दुकानात मिळते आणि आमच्या घरच्या कपाटातही असते.

घरचं मडकं खरं फोडलं ते महसुलाने. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने विखुरलेल्या छोट्या भट्ट्या मोडून मद्य मोठ्या, ठेकेदारी कारखान्यांकडे वळवण्याचा रस्ता पक्का केला. १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेलं फूल सरकारचं झालं. आमचा मराठवाडा निजामाचा. तिथेही शिंदी आणि दारूच्या आबकारीवर खजिना भरायचा. म्हणून तर हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. आबकारी या फारसी शब्दात आब म्हणजे पाणी. पाण्याच्या नावाने दारूचा कर, हा विनोद भाषेने केला की सरकारने, कोण जाणे.

इंग्लंडमध्येही हेच झालं. १८८०पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना लागू लागला. तो थेट १९६३मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदी १९३३मध्ये उठली, पण घरच्या बिअरला मोकळीक मिळायला अध्यक्ष कार्टर यांची १९७८मधली सही लागली. त्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिको गावी केन ग्रॉसमन हा सायकल दुरुस्त करणारा तरुण डेअरीची जुनी भांडी जमवून बिअरचा कारखाना उभा करत होता. १९८०मध्ये तो सुरू झाला आणि पुढे ‘सिएरा नेवाडा’ म्हणून जगभर गाजला. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘दुधाचीच भांडी? बघा!’’

आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. त्याखाली परवाना घेऊन वाळूजच्या कारखान्यांत टाक्याच्या टाक्या आंबतात, आणि २००९मध्ये पुण्यात ‘डूलाली’ने छोट्या प्रमाणावर ताजी बिअर करायला सुरुवात केली. पण घरात, परवान्याशिवाय वीस लिटर केली तर तो गुन्हा. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश द्यावा लागला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरपुढे हंड्यांची रांग असायची आणि वास मात्र येतच होता, थोडा कमी.

हे सगळं मी भावाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘भाईजान, यात माझं उत्तर कुठे आहे?’’ माझ्याकडे नव्हतं. कारखान्याची कामं त्याने सोडली नाहीत. पोराची आगाऊ रक्कम मात्र त्याच आठवड्यात परत केली आणि पत्र्याचा खर्च अंगावर घेतला. पोरगा पुढे बंगळुरूला गेला, तिथल्या एका ब्रुअरीत नोकरीला लागला असं कळलं.

कॅन शेडमध्येच आहे. मोहरममध्ये गल्लीच्या तोंडाशी सबील लागते, तेव्हा भाऊ तो घासून आणतो. भोकांची चकती सब्जा आणि बर्फाचे तुकडे अडवते, थर्मामीटरच्या भोकाला त्याने बूच मारलंय. पोरं ग्लास धरतात, भाऊ व्हॉल्व्ह फिरवतो, गुलाबी सरबत येतं. जोडातून एक थेंब गळत नाही.