मांसोत्पादक गुरांचे प्रजनन व्यवस्थापन

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींपासून दरवर्षी एक सुदृढ वासरू मिळावे, यासाठी आहार, पैदाशीचा हंगाम, वळूंची निवड आणि आरोग्य यांचे जे नियोजन केले जाते, त्यास मांसोत्पादक गुरांचे प्रजनन व्यवस्थापन असे म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास इत्यादी राज्यांतील विस्तीर्ण कुरणांवर, गायींचे कळप सांभाळून त्यांची वासरे विकणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. दुभत्या गायीच्या मालकास दुधाचे उत्पन्न रोज मिळते. या व्यवसायात मात्र गायीचे दूध वासरूच पिते आणि वर्षाकाठी विकले जाणारे वासरू हेच गायीचे मुख्य उत्पन्न ठरते. न फळलेली गाय वर्षभर चारा खाते, पण वासरू देत नाही. त्यामुळे प्रजननक्षमता हा या कळपांतील सर्वांत महत्त्वाचा आर्थिक गुण मानला जातो.

वेताचे कालगणित

गायीचा गर्भकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो. दरवर्षी एक वासरू हवे असल्यास ३६५ दिवसांतून हा काळ वजा जाता गायीस पुन्हा गाभण राहण्यासाठी केवळ ८२ दिवस उरतात. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे ३० ते ४० दिवस लागतात. चांगल्या पोसलेल्या प्रौढ गायीचा माज साधारणतः ५० ते ६० दिवसांत परत येतो, तर पहिलारू गायीस बहुधा ८० ते १०० दिवस लागतात. माजाचे चक्र सरासरी २१ दिवसांचे असल्यामुळे या मुदतीत गायीच्या वाट्याला एखाददुसरीच संधी येते.

पैदाशीचा हंगाम सामान्यतः ६० ते ९० दिवसांपुरता मर्यादित ठेवतात. माजावर येणाऱ्या १०० गायींपैकी प्रत्येक चक्रात ६० टक्के गाभण राहतात असे धरल्यास पहिल्या चक्रात ६०, दुसऱ्यात २४ व तिसऱ्यात सुमारे १० गायी, म्हणजे ६३ दिवसांत जवळपास ९४ गायी गाभण राहतात. मात्र हंगामाच्या आरंभी गायी माजावरच येत नसतील, तर हे गणित कोलमडते.

आहाराचे महत्त्व

मिळालेले पोषण गाय प्रथम स्वतःच्या निर्वाहासाठी, वाढीसाठी व दुधासाठी वापरते. पुन्हा गाभण राहण्याचा क्रम त्यानंतर लागतो. म्हणून चारा अपुरा पडल्यास सर्वप्रथम माज लांबतो.

गायीच्या अंगावरील मांस व चरबी पाहून तिला १ ते ९ असे शरीरस्थितीचे गुण देतात. १ म्हणजे अत्यंत कृश, तर ९ म्हणजे अतिस्थूल. विताना प्रौढ गायीचे गुण ५ आणि पहिलारू गायीचे ६ असणे योग्य समजले जाते. एक गुण वाढण्यासाठी सुमारे ३५ ते ४५ किलोग्रॅम वजन वाढावे लागते. व्याल्यावर दुधामुळे गरज झपाट्याने वाढत असल्याने खंगलेली गाय त्या काळात सुधारणे खर्चिक व अवघड असते. त्यामुळे पुढील गर्भधारणेची तयारी आधीच्या वितीपूर्वी, गाभणकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांपूर्वीच सुरू करावी लागते.

हिवाळ्यात वाळलेल्या गवतातील प्रथिने ७ टक्क्यांखाली गेली की पोटातील सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते व चारा नीट पचत नाही. अशा वेळी सरकीची वा सोयाबीनची पेंड किंवा लसूणघास थोड्या प्रमाणात दिल्यास उपलब्ध गवताचाही अधिक उपयोग होतो. स्फुरद, तांबे, जस्त, मँगनीज व सेलेनियम यांची उणीव क्षारमिश्रणाने भरून काढतात. हिरवा चारा दीर्घकाळ न मिळाल्यास ‘अ’ जीवनसत्त्वही द्यावे लागते.

कालवडी व वळू

कालवड दोन वर्षांची असताना विणे अपेक्षित असल्यास ती १४-१५ महिन्यांची असताना गाभण राहिली पाहिजे. त्या वेळी तिचे वजन तिच्या अपेक्षित प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के असावे, असा प्रचलित संकेत आहे. कालवडींचा हंगाम गायींच्या हंगामापूर्वी तीन-चार आठवडे सुरू केल्यास पहिल्या वितीनंतर सावरण्यास त्यांना अधिक अवधी मिळतो. अवघड वीत टाळण्यासाठी त्यांना कमी जन्मवजनाची वासरे देणाऱ्या वळूचे रेत वापरतात.

प्रौढ वळू सुमारे २५ ते ३० गायींना पुरतो. त्यामुळे एका नापीक वळूची हानी अनेक गायींच्या रिकाम्या वर्षाइतकी होते. हंगामापूर्वी वळूचे पाय, डोळे, जननेंद्रिये व वीर्य तपासतात. १५ महिन्यांपर्यंतच्या वळूच्या वृषणांचा घेर किमान ३० सेंटिमीटर असावा लागतो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने ताप किंवा कुपोषण यांचा परिणाम बराच काळ टिकतो. ट्रायकोमोनियासिस व व्हिब्रिओसिस हे रोग वळूमार्फत कळपात पसरतात.

कृत्रिम रेतन व माजाचे नियमन

द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवलेल्या रेतामुळे उत्कृष्ट वळूचा लाभ दूरच्या कळपांनाही मिळतो. विस्तीर्ण कुरणावर प्रत्येक गायीचा माज ओळखणे कठीण असल्याने प्रोजेस्टेरॉन, प्रोस्टाग्लँडिन इत्यादी संप्रेरकांच्या साहाय्याने अनेक गायींचा माज एकाच वेळी आणून ठराविक तासाला रेतन करतात. तथापि, हे उपचार कृश गायीच्या पोषणाची जागा घेऊ शकत नाहीत.

वासराच्या सततच्या पिण्यामुळेही माज लांबतो. दुष्काळात वासरे लवकर तोडून गायींना सावरू देणे हा त्यावरील एक उपाय आहे.

जात आणि संकर

संकरित गायी सामान्यतः अधिक सुपीक व दीर्घायुषी असतात. उष्ण प्रदेशात त्यासाठी ब्राह्मण जातीचा वापर होतो. ही जात अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाखोरी या भारतीय गुरांपासून विकसित झाली. कृष्णाखोरी जातीचे मूळ दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कृष्णाकाठी आहे. ब्राह्मण गायी उन्हास व गोचिडांस चांगल्या तोंड देतात, परंतु त्या उशिरा वयात येतात. त्यांचा गर्भकाळही सुमारे २९२ दिवसांचा असल्याने त्यांना पुन्हा गाभण राहण्यासाठी ८२ ऐवजी सुमारे ७३ दिवसच मिळतात.

मूल्यमापन

हंगाम संपल्यावर गर्भतपासणी करून न फळलेल्या गायी बहुधा हिवाळ्यापूर्वी विकतात, त्यामुळे त्यांचा चारा वाचतो. पैदाशीसाठी ठेवलेल्या दर १०० गायींमागे आईपासून तोडण्याच्या वयापर्यंत वाढलेली वासरे किती, हे कळपाच्या यशाचे मुख्य मोजमाप होय. हंगामाच्या आरंभी जन्मलेली वासरे विक्रीच्या दिवशी वयाने मोठी असतात. दररोज ०.९ किलोग्रॅम वाढीने २१ दिवसांचा फरक सुमारे १९ किलोग्रॅमचा होतो. त्यामुळे किती गायी व्याल्या याबरोबरच त्या हंगामात केव्हा व्याल्या, याचीही नोंद ठेवली जाते.