निर्मनुष्य बेटांची गोष्ट

कयाक चालवायला शिकण्याचा पहिला धडा म्हणजे ती उलटी करणं! होडीत बसायचं, कमरेभोवती रबराचा एक झगा (याला स्प्रे स्कर्ट म्हणतात) बसण्याच्या भोकाच्या कडेवर घट्ट ताणून लावायचा आणि मुद्दाम कलंडायचं. मग डोकं पाण्याखाली आणि पाय होडीत, अशा अवस्थेत घाबरून न जाता पुढची पट्टी ओढून सुटायचं आणि वर यायचं. प्रत्येकाला हे जमल्याशिवाय आमची गाइड कोणालाही किनाऱ्यापासून दूर नेणार नव्हती. माझी पीएच.डी. लाटांच्या गणितावर आहे. नाकात पाणी शिरल्यावर त्यातलं एकही समीकरण आठवत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

हा सगळा खटाटोप चालला होता तो लेक सुपीरियरमध्ये. तुम्ही म्हणाल, तळ्यात जायला समुद्रातली कयाक कशाला? तर या तळ्याचं क्षेत्रफळ आहे सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडं जास्तच. सर्वात खोल जागी ४०० मीटरहून अधिक खोली. पाण्याचं वर्षभराचं सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास. वारा सुटला की लाटा थेट समुद्रासारख्या. फक्त पाणी गोडं, एवढाच काय तो फरक.

तळ्याच्या दक्षिण काठाला, विस्कॉन्सिन राज्यात, अपॉसल आयलंड्स नावाचा बावीस बेटांचा पुंजका आहे. अपॉसल म्हणजे येशूचे पट्टशिष्य. ते बारा आणि बेटं बावीस. पण सतराव्या शतकात इथे आलेल्या फ्रेंचांच्या या नावाचा हिशेब अजून कोणी लावलेला नाही. बावीसपैकी एकवीस बेटं आज राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहेत. ऑगस्टमध्ये तीन दिवसांची गाइडसह सहल होती: कयाक वल्हवायची, बेटावर तंबू ठोकायचा, दुसऱ्या दिवशी पुढचं बेट. मिनियापोलिसहून चार तास गाडी हाकून आम्ही नवरा-बायको पोहोचलो. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'मानवी स्पर्श नसलेला निसर्ग अनुभवा'. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी लिटल सँड बे नावाच्या किनाऱ्यावरून निघालो ते सँड आयलंडकडे. जेमतेम पाच किलोमीटर अंतर. पण दोघांच्या कयाकला इथे गमतीने 'घटस्फोटाची होडी' का म्हणतात ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पुढे बसणाऱ्याने लय धरायची, मागच्याने ती पाळायची आणि पायाने सुकाणू सांभाळायचं. "अरे, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!" हे ऐकत ऐकत, नागमोडी वळणं घेत आम्ही एकदाचे ईस्ट बे नावाच्या खाडीत लागलो.

तंबू ठोकून झाले. खाण्याचं सगळं सामान अस्वलांच्या भीतीने लोखंडी पेटीत बंद केलं (या बेटावर अस्वलं बरीच आहेत, आणि ती पोहत येतात!). मग जरा भटकायला निघालो. झाडी दाट होती. आणि त्या झाडीत मध्येच एक सफरचंदाचं झाड. थोडं पुढे आणखी एक. सफरचंद काही या जंगलातलं झाड नव्हे. परसात तुळशीवृंदावन दिसावं आणि घर मात्र दिसू नये, तसं वाटलं.

गाइडला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "आपण भर वस्तीत तंबू ठोकलेत."

खरंच होतं ते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या बेटावर नॉर्वेहून आलेली कुटुंबं राहत होती. हेरिंग मासळी, जोडीला थोडी शेती, हिवाळ्यात लाकूडतोड. सगळं मिळून शंभराच्या आतबाहेर माणसं असतील. पण त्यांची स्वतःची शाळा होती, काही वर्षं टपाल कचेरीही होती. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फावरूनच गावाला ये-जा. मग मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी एकेक घर मुख्य भूमीवर गेलं आणि १९४०च्या दशकात बारमाही राहणारं शेवटचं माणूसही गेलं. पुढे सी लॅम्प्री नावाच्या, माशांना चिकटून त्यांचं रक्त पिणाऱ्या परक्या जीवाने या तळ्यातल्या ट्राउट माशांचा फडशा पाडला आणि मासेमारीवर जगण्याची उरलीसुरली आशाही गेली. शेतं होती तिथे झाडं वाढली. त्यातल्याच एका झाडाला आम्ही ओले कपडे वाळत घातले होते.

दुसऱ्या दिवशी पायवाटेने बेटाच्या उत्तर टोकाला असलेलं दीपगृह पाहायला गेलो. इथल्याच वालुकाखडकात १८८१ साली बांधलेली ही देखणी इमारत आहे. २ सप्टेंबर १९०५ च्या वादळात 'सेव्होना' नावाचं लोहखनिजाने भरलेलं जहाज जवळच्या उथळ खडकावर आदळून दुभंगलं. दोन होड्यांतून बाकीचे वाचले. पण कप्तान आणि सहाजण नाळेकडच्या भागावर अडकले. त्यांनी तराफा केला, तो लाटांत फुटला आणि सातही जण बुडाले. दीपगृहाचा रखवालदार इमॅन्युएल लुइक हे सगळं वरून पाहत होता. त्याच्याजवळ एक लहानशी वल्ह्यांची होडी होती आणि तसल्या लाटांत ती घालणं म्हणजे आठवा बळी देणं. आम्ही गेलो तेव्हा पाणी आरशासारखं शांत होतं, त्यामुळे तर ते जास्तच अंगावर आलं.

दीपगृहाजवळ आणखी एक गोष्ट दिसली. वाटेवर सगळीकडे मध्यम उंचीची झाडं, आणि इथे एकदम दोघांच्या कवेत न मावणारे व्हाइट पाइन. कारण सरळ आहे. दीपगृहाभोवतीची जमीन सरकारी, तिथे कुऱ्हाडीला बंदी. बाकीच्या बेटांवर आधी पाइन तोडले, मग कातडी कमावायला लागणाऱ्या सालीसाठी हेमलॉक, मग उरलेली कठीण लाकडाची झाडं. बासवुड बेटावर १८६०च्या दशकाच्या अखेरीस दगडाची खाण सुरू झाली. पाठोपाठ इतर बेटांवरही निघाल्या. १८७१ मध्ये शिकागो जळालं आणि ते परत उभं करताना या तपकिरी दगडाला मोठं गिऱ्हाईक मिळालं. १८९०च्या दशकात तपकिरी दगडाची फॅशन गेली आणि खाणीही बंद पडल्या.

१९३० मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान करावं अशी मागणी झाली तेव्हा सरकारने हार्लन केल्सी नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टला पाहणीला पाठवलं. त्याने स्पष्ट नकार दिला. कुऱ्हाडीने आणि मागाहून लागलेल्या वणव्यांनी मूळचं अरण्य पुसून टाकलंय, आता जपायचं काय, असा त्याच्या अहवालाचा सूर होता. त्यानंतर चाळीस वर्षं कोणी फारसं काही केलं नाही आणि झाडं आपापली वाढत राहिली. मग विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन (पहिला 'वसुंधरा दिन' सुरू करणारे हेच) यांच्या प्रयत्नांनी सप्टेंबर १९७० मध्ये याच बेटांना संरक्षण देणारा कायदा झाला. आणि २००४ च्या अखेरीस उद्यानातली ८० टक्के जमीन कायद्याने 'वाइल्डरनेस', म्हणजे अरण्य, ठरली. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे अरण्य म्हणजे अशी जागा, जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, राहत नाही.

इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर ही मोठी यशोगाथा आहे. ७४ वर्षांत 'उद्ध्वस्त'चं 'अरण्य' झालं. आणि तेही फारसा खर्च न करता! मी बायकोला असं काहीतरी म्हणालोही. त्या दिवशी दुपारी आम्ही यॉर्क बेटावर गेलो, वाळूत तंबू ठोकले आणि मी या यशोगाथेवर खूश होऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी पहाटेच वारा सुटला. मुख्य भूमी समोर दिसत होती, पण मध्ये पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा. "आज दुपारपर्यंत कोणी हलायचं नाही," असं गाइडने जाहीर केलं आणि चहा ठेवला. गाइड स्वतः ओजिब्वे जमातीची, जवळच्या रेड क्लिफ या राखीव वस्तीतली. तिचे काका आजही याच पाण्यात जाळी टाकतात. रिकामा वेळ होता, म्हणून मी माझी यशोगाथा तिलाही ऐकवली. तिने ऐकून घेतली आणि मग आपली गोष्ट सांगितली.

तिच्या पूर्वजांची कथा अशी, की ते अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघाले. जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा, असा त्यांना आदेश होता. हे अन्न म्हणजे इथल्या पाणथळीतला रानतांदूळ. शेवटचा मुक्काम या पुंजक्यातल्या सर्वात मोठ्या, मॅडेलिन बेटावर. १८४२ च्या तहाने त्यांनी इथली जमीन अमेरिकेला दिली; मोबदल्यात वर्षासन मिळायचं आणि राहतं ठिकाण सुटणार नाही असा त्यांचा समज होता. १८५० मध्ये त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा हुकूम निघाला. माणसं आपणहून हलेनात, म्हणून अधिकाऱ्यांनी वर्षासन वाटायची जागाच शेकडो मैल दूर, मिनेसोटातल्या सँडी लेकला नेली. लोक ऐन हिवाळ्याच्या तोंडावर तिथे पोहोचले. पैसे आले नव्हते, धान्य नासकं होतं, त्यात रोगराई. तिथे आणि बर्फातून परत येताना मिळून सुमारे चारशे माणसं दगावली.

त्यानंतर १८५२ च्या वसंतात केचेवाइश्के हा त्यांचा सरदार (इंग्रजीत चीफ बफेलो) मॅडेलिन बेटावरून भूर्जसालीच्या होडीतून निघाला. वय नव्वदीच्या पुढे! तळ्याच्या काठाकाठाने पूर्वेला, मग आगबोट, मग आगगाडी, असं करत वॉशिंग्टनला पोहोचून तो थेट राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटला. स्थलांतराचा हुकूम मागे घ्यायला लावला. १८५४ च्या तहात रेड क्लिफ आणि बॅड रिव्हर या राखीव वस्त्या मिळाल्या आणि मासेमारीचा हक्क राहिला. पुढच्याच वर्षी म्हातारा वारला. (मी पाच किलोमीटर वल्हवून खांदे चोळत बसलो होतो, हे आठवून जरा लाज वाटली.)

"१९६०च्या दशकात उद्यानाचा पहिला आराखडा आला," गाइड म्हणाली, "त्यात आमच्या राखीव वस्त्यांची किनारपट्टीही धरली होती. लोक भांडले, म्हणून वगळली." मासेमारीचा हक्कही कोर्टात जाऊन, १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाकडून पुन्हा मान्य करून घ्यावा लागला. आणि २०१२ मध्ये रेड क्लिफने फ्रॉग बे इथे स्वतःचं, जमातीच्या मालकीचं राष्ट्रीय उद्यान उघडलं. तिथेही जुनं जंगल आहे. पण ते जपण्यासाठी माणसांना पाहुणं व्हावं लागलेलं नाही.

मी गप्प बसलो. कारण 'पाहुणा' हा शब्द आता मला वेगळीकडे घेऊन गेला होता.

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. आजोबा मुंबईला गोदीत माथाडी कामगार होते, घर गावाला. कोयना धरण झालं आणि गाव शिवसागर जलाशयात गेलं. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. वरच्या अंगाची, न बुडालेली शेतं पडीक राहिली, त्यावर रान माजलं, १९८५ मध्ये ते कोयना अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. आम्ही कॉलेजात असताना वासोट्याला ट्रेकला जायचो आणि 'काय जंगल आहे!' म्हणून नाचायचो. बाबांनी तेव्हा आमच्या फोटोंकडे बघून एवढंच विचारलं होतं, "आंब्याची झाडं दिसली का रे कुठे?" आम्हाला दिसली नव्हती. शोधलीच कोणी होती!

मला अभयारण्य नको आहे असं अजिबात नाही. सँड आयलंडवरचे ते पाइन कुऱ्हाडबंदीमुळेच उभे आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कोयनेच्या विजेशिवाय मी शिकलोही नसतो कदाचित. पण रान परत आलं की त्या जागेचा इतिहासच नव्हता असं लिहिणं, हे मला पटेनासं झालंय. नॉर्वेची माणसं पोटासाठी गेली, ओजिब्वेंना हुकमाने घालवायचा प्रयत्न झाला, आमचं गाव पाण्याने उठवलं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तिन्ही पुसून वर 'मानवी स्पर्श नसलेला निसर्ग' अशी एकच पाटी लावली, की कोण गेलं आणि कोणामुळे गेलं, हा प्रश्नच संपतो.

असो. दुपारी वारा पडला. परतीच्या वाटेवर आमची होडी चक्क सरळ चालली. बायको म्हणाली, "बघ, न बोलता वल्हवलं की जमतं."

घरी आल्यावर बाबांना फोन केला, सफरचंदाच्या झाडांचं सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच काही वर्षांपूर्वीची आठवण काढली. आम्ही दोघं बामणोलीहून लाँचने वासोट्याकडे गेलो होतो. वनखात्याचा परवाना काढताना खिडकीतल्या माणसाने सहज विचारलं होतं, "पर्यटक ना?"

आणि बाबा "हो" म्हणाले होते.