जुळीं बाळें आणि अकालीं प्रसूति

मुळशी तालुक्यांतील घोटावड्यासारख्या गांवीं सुनेच्या पोटीं जुळें आहे असें कळलें, कीं घरांत आनंदाबरोबर धास्तीहि शिरते. ही धास्ती अनाठायीं नाहीं. निम्म्याहून अधिक जुळीं ३७ आठवडे भरण्यापूर्वींच जन्मास येतात. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचीं फुप्फुसें कच्चीं असतात. प्रसूतीची ही वेळ लांबविण्यासाठीं विसाव्या शतकांत दोन वाटा चोखाळल्या गेल्या.

पहिली वाट शस्त्रक्रियेची. गोव्यांत जन्मलेले व मुंबईस कीर्ति पावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं १९५५ सालीं, अकालीं उघडणारें गर्भाशयमुख टांका घालून बंद ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. टांक्यासाठीं ते रुग्णेच्याच मांडींतील चिवट पडद्याची पट्टी वापरीत. तो टांका आज जगभर त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

दुसरी वाट अंतःस्रावाची, म्हणजे हार्मोनची. १९२९ सालीं अमेरिकेंत कॉर्नर व ॲलन यांनीं गाभण सशिणींचे अंडाशय काढून टाकले, आणि अंडाशयांतील पीतपिंडाचा अर्क त्यांना टोंचला. तेव्हां गर्भ टिकून राहिले. १९३४ सालीं त्या अर्कांतील द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तेंच प्रोजेस्टेरॉन. गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवणें हें त्याचें एक कार्य होय.

पूर्वीं अकालीं प्रसूति झालेल्या, परंतु पोटीं एकच मूल असलेल्या ४६३ स्त्रियांवर अमेरिकेंत याच जातीच्या औषधाचा प्रयोग झाला. २००३ सालीं त्याचा निष्कर्ष आला: ३७ आठवड्यांपूर्वींच्या प्रसूति औषध घेणाऱ्यांत शेंकडा ३६, न घेणाऱ्यांत शेंकडा ५५. मग जुळ्यांनाहि तें कां लागू पडूं नये, असें वाटणें साहजिक होतें. परंतु २००७ सालच्या प्रयोगांत ३५ आठवड्यांपूर्वीं प्रसूति वा गर्भनाश झालेल्या जुळ्यांच्या माता औषध घेणाऱ्यांत शेंकडा ४१ निघाल्या, नुसतें तेल टोंचलेल्यांत शेंकडा ३७. २००९ सालीं ब्रिटनमध्यें जुळ्यांच्या ५०० मातांना प्रोजेस्टेरॉनचा लेप देऊन पाहिला. तोहि निष्फळ ठरला. तिळ्यांची कथा निराळी नव्हती. पुढें त्या टोंचणीची एकुलत्या गर्भांतील उपयुक्तताहि मोठ्या प्रयोगांत सिद्ध न झाल्यामुळें अमेरिकन सरकारनें २०२३ सालीं तिची मान्यता काढून घेतली. सर्वच जुळ्यांत सरसकट टांका घालण्यानेंहि लाभ दिसून आलेला नाहीं.

कारण उघड आहे. दोन जिवांच्या भारानें गर्भाशय ताणला जातो, आणि तो ताण कळांना आमंत्रण देतो. एकाच्या दुखण्यावरील उपाय दोघांना लागू पडेलच असें नाहीं. गर्भाशयमुख फार आखूड झालेल्या मातांपुरता प्रोजेस्टेरॉनचा विचार अद्याप चालू आहे. एरव्हीं जुळें वेळींच ओळखणें, कळांची चिन्हें दिसतांच मातेस नवजात बालकांची सोय असलेल्या रुग्णालयांत पोंचविणें, आणि बाळाचीं फुप्फुसें पक्व करणारी स्टेरॉइडची टोंचणी जन्मापूर्वीं देणें, हींच खरीं साधनें होत. घोटावड्याच्या त्या सुनेला नव्या औषधाच्या आशेपेक्षां वेळेवर मिळालेलें वाहन अधिक मोलाचें आहे.